रपट्यावरचा भोंगा : प्रकल्प नोंदी, मे ते सप्टेंबर २०२४

१२ मे, रविवार

आजपासून तारखेवार लिहून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात जे करून पाहिलं ते सगळं डोक्यात ठेवलं होतं आणि काल बॉक्स उघडला तर कोणती वायर कशाची आणि तो रेझिस्टर कशासाठी लावला होता हेच आठवेना.

काम काय आहे ते आधी. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, गाव आणि फाटा यांच्या मधात नाला, नाल्यावर पूल नाही, रपटा आहे, म्हणजे पूर आला की पाण्याखाली जाणारा ठेंगणा रस्ता. आठवीच्या पुढची शाळा, दवाखाना, बाजार, माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान सगळं पलीकडे. पाऊस पडतो वर डोंगराकडे, गावात कधी कधी थेंब नसतो, अन् नाला मात्र भरून येतो. रात्री पाण्याचा अंदाज लागत नाही, गुडघाभर वाटतं ते कमरेएवढं निघतं. २८ सप्टेंबर २०२१ ला याच जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातल्या दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना अख्खी एसटी वाहून गेली, ते ऐकल्यापासून हे डोक्यात आहे. एसटीचं असं होतं तर मोटरसायकलवर दुधाच्या कॅन घेऊन जाणाऱ्या माणसाचं काय.

ठरवलंय ते असं: रपट्यापासून वर ३.२ किलोमीटरवर, जिथं दोन ओढे मिळतात तिथं काकाजीच्या धुऱ्यावर पाणी मोजणारा नोड, म्हणजे बॅटरी अन् रेडिओ असलेलं छोटं यंत्र. मधात टेकडी आहे म्हणून टेकडीवर एक रिले नोड, मेसेज पुढं पोचवणारा. रपट्यावर तिसरा, त्याला भोंगा अन् लाल दिवा. चौथा शाळेत, तिथून मोबाईलवर कॉल जाईल. रेडिओ लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे मेसेज पोचवणारा, आपल्याकडं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ बिनापरवाना चालतो त्यावर. सोबत मी, झेडपी शाळेचे विज्ञानाचे सर आणि पॉलिटेक्निकला असलेला माझा भाचा.

मागच्या वर्षी अडलो होतो बॅटरीवर. सोलर आहे ना मग काय टेन्शन असं वाटलं होतं. पण ज्या आठवड्यात नाला येतो त्याच आठवड्यात ऊन नसते.

१५ मे

ईएसपी ३२ या कंट्रोलर चिपचा जुना बोर्ड, लोरा मॉड्यूल, एक २६०० एमएएचचा सेल (एमएएच म्हणजे सेलमधल्या साठ्याचं माप). कोड तसाच ठेवला, म्हणजे सतत चालू, सतत ऐकत राहणारा. मल्टिमीटर लावला तर ६४ मिलिअँप. परवा संध्याकाळी ६ ला चालू केला, आज सकाळी साडेदहाला बंद. चाळीस घंटे.

मग डीप स्लीप लावली. चिपच्या डेटाशीटमध्ये डीप स्लीपला १० मायक्रोअँप लिहिलेत, माझ्या मीटरवर ९ मिलिअँप, म्हणजे जवळपास ९०० पट. भाचा म्हणे कोडमध्ये काहीतरी चुकलं मामा. कोडमध्ये काही नव्हतं. बोर्डावरचा लाल एलईडी, यूएसबीची चिप, रेग्युलेटर, हे तिघं चोवीस घंटे खात बसतात, चिप झोपली तरी. दुकानात रोज मोबाईलचे बोर्ड उघडतो, अशी गळती शोधणं हेच माझं काम, तरी इथं मागचा अख्खा पावसाळा मी कोडच तपासत बसलो होतो.

२२ मे

४५ च्या वर ऊन. नाला कोरडा ठणठणीत, तरी सेन्सर टेस्टसाठी काकाजीच्या धुऱ्यावर खांबाला लावून ठेवला, वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक, तळापासून ३ मीटर उंच. सकाळी ७ वाजता बरोबर शून्य पाणी दाखवलं. दुपारी ३ वाजता कोरड्या नाल्यात १० सेंटिमीटर पाणी!

सरांनी पाच मिनिटात उलगडा केला. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर असतो, २५ डिग्रीला सेकंदाला साधारण ३४६ मीटर, ४५ ला ३५८ च्या आसपास. कोडमध्ये मी ३४६ पक्का धरलेला. तापलेल्या हवेत आवाज लवकर परत येतो, यंत्राला वाटतं तळ जवळ आला म्हणजे पाणी चढलं. ३ मीटरवर जवळपास १० सेंटिमीटरचा फरक पडतो. तापमानाचा सेन्सर जोडला, बारकासा, तीन पायांचा. आता दुपारी पण शून्य.

बॉक्सला पांढरा रंग दिला. सेल बॉक्समध्ये ठेवत नाही, खाली पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात सावलीला. लिथियम सेल ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात आमच्याकडं बंद डब्यात ४५ म्हणजे थंडच म्हणायचं.

२ जून, रविवार

काकाजीसोबत नाल्यानं वर चालत गेलो. मला विचारायचं होतं की किती पाणी आलं म्हणजे धोका समजायचा, मी टेप घेऊन गेलो होतो. काकाजीनं टेपकडं पाहिलंच नाही, काठावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाकडं बोट केलं. "त्या म्हसोबाच्या गोट्याले पाणी लागलं का समजून जाय बाबू, अर्ध्या घंट्यात रपट्यावर पाणी येते. मी लहानपणापासून पाहून रायलो." मग मी टेप लावली. तळापासून म्हसोबाच्या बुडापर्यंत ६२ सेंटिमीटर. धोक्याची पातळी ६० ठरली.

सगळ्यात मोठी गोष्ट आज हीच मिळाली असं मला वाटतं, कारण आतापर्यंत मी विचार करत होतो की अलर्ट लवकर पाहिजे, लवकर म्हणजे किती ते माहीतच नव्हतं. आता माहीत आहे की पाणी आपल्याला साधारण अर्धा घंटा देतं. त्यातले पाच-दहा सेकंद रेडिओनं खाल्ले तर काही बिघडत नाही, पण पंधरा मिनिटांनी एकदा मोजणारं यंत्र असलं तर अर्धा वेळ तिथंच गेला. म्हणजे मोजण्यात कंजुषी नको, करायचीच तर काही सेकंदांचा उशीर सोसून करा.

९ जून

मिरग लागला. पाऊस नाही, नुसते ढग.

बोर्ड बदलला. ३.३ व्होल्टचा प्रो मिनी, साधा कंट्रोलर बोर्ड, त्याचा एलईडी सोल्डरिंग गननं उडवला, रेग्युलेटर काढला, सेन्सरची पॉवर मॉस्फेटमधून, म्हणजे कोडनं चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून दिली म्हणजे मोजायचं तेव्हाच चालू. झोपेत ६ मायक्रोअँप. मीटरची रेंज दोनदा बदलून पाहिली, विश्वास बसेना.

मग कागदावर हिशोब मांडला अन् तो मला फार महत्त्वाचा वाटतो म्हणून इथं पूर्ण उतरवतो. एक मोजणी म्हणजे अर्धा सेकंद ३५ मिलिअँप. दर मिनिटाला मोजलं तरी दिवसाचे १४४० वेळा, टोटल ७ एमएएच. पण प्रत्येक मोजणी रेडिओवर पाठवली तर? लोरात एसएफ नावाचा आकडा असतो, तो जितका मोठा तितका मेसेज लांब जातो पण हवेत जास्त वेळ राहतो. १० बाइटचा मेसेज एसएफ १२ वर जवळपास एक सेकंद हवेत असतो, फुल पॉवरला १२० मिलिअँप, दिवसाला ४८ एमएएच. तोच मेसेज एसएफ ९ वर ०.१४ सेकंद अन् जरा कमी पॉवरला, १७ डीबीएमला, ८७ मिलिअँप, दिवसाला ५. टेकडीवरून एसएफ ९ नं आरामात पोचतं हे मागच्याच वर्षी पाहिलं होतं, पण "लांब जायला एसएफ १२ टाका" असं कुठंतरी वाचलं अन् तेच ठेवलं होतं.

आणि पाठवायचं तरी कशाला, शून्य आहे शून्य आहे म्हणून दिवसभर? मोजायचं भरपूर, बोलायचं तेव्हाच जेव्हा सांगण्यासारखं आहे.

१८ जून

आज खरा चोर सापडला.

मोजणारा नोड आता दिवसाला १० च्या आत खातो, मग रिले का मरतो? रिले तर काही मोजत नाही, बोलतो पण कमी. पण रिले ऐकत असतो. वरचा नोड कधी ओरडेल सांगता येत नाही म्हणून त्याचा रिसीव्हर चोवीस घंटे उघडा, लोराच्या एसएक्स १२७६ चिपचा रिसीव्हर ११ मिलिअँप घेतो, गुणिले २४ म्हणजे २६४ एमएएच रोज. दहा दिवसात सेल संपला. महिन्यातून एखाद्या वेळी येणाऱ्या एका मेसेजसाठी.

बोलणं महाग अन् ऐकणं फुकट असं आपल्याला वाटतं, रेडिओत उलटं निघालं.

यावर लोकांनी आधीच डोकं लावून ठेवलंय. २००४ ला बर्कलीच्या पोलास्त्रे, हिल आणि कलर यांनी बी-मॅक नावाची पद्धत मांडली. मी ती भाच्याला शेतातल्या उदाहरणानं समजावली. पलीकडच्या शेतातला माणूस डवरण करून राहिला, तो सारखा तुझ्याकडं पाहत नाही, तासाच्या म्हणजे ओळीच्या टोकाला आला की एकदा मान वर करतो. मग तू काय करशील, "ए" म्हणून एकदा ओरडून गप बसशील का? लांब "होऽऽऽ" देशील, तो मान वर करेपर्यंत. बस, तेच. रिले दोन सेकंद झोपतो, १० मिलिसेकंद उठून हवेत काही आवाज आहे का ते पाहतो, लोराच्या चिपमध्ये ही सोय आहेच, नसेल तर परत झोपतो. पाठवणाऱ्यानं मेसेजच्या आधी दोन सेकंदापेक्षा जरा लांब हाक द्यायची. सगळा खर्च हाक देणाऱ्यावर, आणि हाक क्वचितच द्यायची असते. एका हाकेला ०.०५ एमएएच, म्हणजे काहीच नाही.

रात्री ११ पर्यंत कोड लिहिला. रिलेचा दिवसाचा खर्च २६४ वरून ३. आम्ही तिघंही कागद पुन्हा पुन्हा पाहत होतो. वरून रपट्यापर्यंत दोन टप्पे, जास्तीत जास्त पाच सेकंद उशीर. अर्ध्या घंट्यातले पाच सेकंद.

सरांनी लीच नावाची दुसरी पद्धत पण वाचून आणली होती, २००० सालची, एमआयटीच्या हाइन्झेलमन, चंद्रकासन, बालकृष्णन यांची. त्यात नोड आळीपाळीनं मुख्य होतात म्हणजे एकाच्याच बॅटरीवर बोजा पडत नाही. कल्पना चांगली आहे पण आमच्या कामाची नाही, आळीपाळी करायला टेकडी एकच आहे. तिच्यावरच्या रिलेला दोन सेल अन् मोठं पॅनल दिलं, मिटलं.

३० जून

पहिलं पाणी आलं! पोरांना घेऊन रपट्याच्या वर १०० मीटरच्या दोन खुणा केल्या, पळसाच्या डहाळ्या टाकल्या, मोबाईलवर वेळ घेतली. ७१ सेकंद. पाणी कमी होतं म्हणून. या वेगानं वरून रपट्यापर्यंत ३८ मिनिटं लागतील. पुराच्या वेळी परत मोजायचं, पण लांबून.

पेरण्या सगळ्यांच्या आटोपल्या एकदाच्या.

७ जुलै

दर मिनिटाला उठायची पण गरज नाही असं भाच्याचं म्हणणं. नाला कोरडा असताना कशाला? पाण्याच्या टाकीत बसवतात तो फ्लोट स्विच छिद्रं पाडलेल्या पाइपमध्ये तळापासून २० सेंटिमीटरवर लावला. पाणी तिथं आलं की स्विच स्वतः कंट्रोलरला उठवतो, तोपर्यंत पंधरा मिनिटांनी एकदा मोजणी. उठल्यावर "सावध" अवस्था, दर मिनिटाला. ६० च्या वर गेलं की "धोका".

मला कबूल होतं पण पूर्ण नाही. फ्लोट अडकला तर? म्हणून पंधरा मिनिटांची मोजणी बंद करायची नाही यावर मी अडून बसलो, तिचा खर्च दिवसाला अर्धा एमएएच पण नाही.

१० जुलै

फ्लोट अडकला. पाइपमध्ये गाळ अन् तुरीच्या धसकटाचा तुकडा. ४० सेंटिमीटर पाणी असून स्विच ढिम्म. पंधरा मिनिटांच्या मोजणीनं पकडलं.

पाइपला आता आडवी जाळी, आणि प्रत्येक पावसानंतर काकाजी हातानं फ्लोट वरखाली करून पाहतात. त्यांनी स्वतःहून घेतलं हे काम.

१५ जुलै

काल रात्री २ वाजून १० मिनिटांनी भोंगा वाजला. अख्खं गाव उठलं, बॅटऱ्या घेऊन लोक रपट्यावर, नाल्यात पाणी घोट्याएवढं. वर विजा कडकडून राहिल्या होत्या. विजांचा इशारा देणाऱ्या दामिनी अ‍ॅपवर आमचा सगळा भाग लाल दिसत होता. एक आजी मला म्हणाल्या, "बाप्पा, असं झोपेतून नको उठवत जाऊ, जीव घाबरते." मला रात्रभर झोप आली नाही. कारण आता खरंच पाणी आलं अन् कोणी उठलंच नाही तर?

सकाळी शोधलं. चूक वीज वाचवण्यातूनच आली होती. फ्लोट स्विचची दोन टोकं जुळलेली असली की कंट्रोलरच्या आतल्या पुल-अप रेझिस्टरमधून (स्विचच्या पिनेला एरवी वर ओढून धरणारा) सतत ०.१ मिलिअँप जात राहतो, दिवसाला सव्वादोन एमएएच. ते वाचवायला मी आतला बंद करून बाहेरून १० लाख ओहमचा लावला होता. करंट वाचला, पण एवढ्या मोठ्या रेझिस्टरवर पाच मीटरची वायर म्हणजे अँटेनाच झाली, दूरवर वीज चमकली तरी पिन हलते. आणि कोडमध्ये फ्लोट उठला की एकदाच मोजून थेट निर्णय. ओल्या पाइपवरून आवाज उलटला असेल, एक रीडिंग चुकीचं आलं, भोंगा.

काय केलं: रेझिस्टर १ लाखाचा केला, पिनेवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, वायर पिळून घेतली. आणि फ्लोटला फक्त उठवायचा अधिकार ठेवला, बोंबलायचा नाही. धोका ठरवायला तीन मोजण्या लागोपाठ ६० च्या वर पाहिजेत. तीन मिनिटं वाया जायला नको म्हणून पहिली वर गेली की पुढच्या दहा-दहा सेकंदांनी. अर्ध्या मिनिटात निकाल.

दुपारी त्या आजींकडं जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चहा केला.

२१ जुलै

मोठं पाणी. डहाळी १०० मीटरला ४१ सेकंद, काठावरच्या उंचवट्यावरून मोजलं. म्हणजे वरून रपट्यापर्यंत २२ मिनिटं. वरचं पाणी आतल्यापेक्षा जरा जोरात चालतं हे धरलं तर काकाजीचा अर्धा घंटा जवळपास बसतो.

पण रात्री नवाच घोळ. पाणी ६० च्या आसपास तासन्‌तास खेळत राहिलं, ६१, ५९, ६२, ५८, आणि यंत्र धोका, टळला, धोका, टळला. रिलेच्या काउंटरवर सकाळी २१२ मेसेज. ११ एमएएच, म्हणजे रिलेचं चार दिवसाचं खाणं एका रात्रीत, ते एकवेळ चाललं असतं, पण भोंगा रात्रभर रडत होता आणि पहाटे कोणीतरी त्याची वायर उपटून टाकली. मी त्यांना काही म्हणू शकत नाही, मीच उपटली असती.

आता चढताना ६० ला धोका, उतरताना ४० च्या खाली गेल्याशिवाय टळला म्हणायचं नाही. मधल्या काळात भोंगा दर दहा मिनिटांनी एकदा छोटा वाजतो, लाल दिवा चालू. लोकांचा विश्वास पण बॅटरीसारखाच आहे, उगाच वापरला की संपतो, आणि त्याला पॅनल नाही.

२८ जुलै

वरचा खांब वाकला. काळी माती, उन्हाळ्यात हातभर भेगा, पावसात फुगते, खांब मी दीड फूटच गाडला होता. सेन्सर तिरपा झाला की काठाचं अंतर मोजतो. खांब उपटून मुरूम लागेपर्यंत खोल खणून परत गाडला. पाऊण दिवस गेला, चिखलात.

६ ऑगस्ट

झड लागून पाच दिवस झाले. सूर्य दिसला नाही. वरच्या नोडचं एक वॅटचं पॅनल दिवसाला जेमतेम ४० एमएएच देऊन राहिलं, खर्च १२. सेल ४.०२ व्होल्टवर टिकून आहे. मागच्या वर्षी याच दिवसात तिसऱ्या दिवशी मेला होता. आज फार बरं वाटलं.

रिलेकडून मात्र सकाळपासून काही नाही.

७ ऑगस्ट

टेकडीवर चढलो. वानरांनी अँटेना मोडून टाकली, कनेक्टरसकट. बॅटरी ३.९८, सगळं ठीक, फक्त मुका झालेला.

घरी येऊन बसलो तर विचार आला की कालपासून आजपर्यंत नाला आला असता तर रपट्यावर भोंगा वाजला नसता अन् लोकांना वाटलं असतं की वाजला नाही म्हणजे पाणी नाही. यंत्र नव्हतं तेव्हा माणूस थांबून बघत होता, कानोसा घेत होता. बंद पडलेल्या यंत्रावर भरवसा ठेवणं त्यापेक्षा वाईट. हे मी आधी का नाही केलं.

हजेरी लावली. प्रत्येक नोड कोरड्यात सहा घंट्यांनी, सावधमध्ये दर घंट्याला "आहे" म्हणून सांगतो, सोबत बॅटरीचा व्होल्टेज. दर घंट्याची हजेरी पण दिवसाला सव्वा एमएएचमध्ये होते. दोन हजेऱ्या चुकल्या की माझ्या मोबाईलवर मेसेज. आणि रपट्यावर हिरवा एलईडी, सगळ्यांची हजेरी लागलेली असेल तरच दर दहा सेकंदाला क्षणभर लुकलुकतो. खाली पाटी सरांनी रंगवली: "हिरवा दिवा लुकलुकत नसेल तर यंत्र बंद आहे. स्वतः पाहा, मगच उतरा."

नवी अँटेना पाइपच्या आत. तरी सिग्नल पोचतो, थोडा कमी.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर ग्रामसभेत दहा मिनिटं बोललो. एक प्रश्न चांगला आला: लाइट गेली की टॉवर पण जातो, मग कॉल कसा येईल? म्हणूनच भोंगा आधी, कॉल नंतर. वरचा नोड, टेकडी, रपटा यांना ना लाइट लागते ना टॉवर. शाळेतला गेटवे, म्हणजे कॉल करणारा चौथा नोड, बंद असला तरी भोंगा वाजतोच. सरपंचबाईंनी भोंग्याच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा खर्च ग्रामपंचायतीकडून करायचं मान्य केलं.

१ सप्टेंबर, रविवार

उद्या पोळा. आज खांदशेकणी, घरोघरी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" सुरू आहे. दुपारपासून पाऊस आहे पण गावात साधाच. वरचा नोड सावधमध्ये गेला, ३४ सेंटिमीटर.

संध्याकाळी लक्षात आलं की उद्या सकाळी सगळ्यांची बैलं धुवायला नाल्यावरच असतील. रात्री ११ ला भोंग्याची बॅटरी मोजून आलो, १२.६.

२ सप्टेंबर, पोळा

सकाळी ७ पासून रपट्याच्या खाली माणसं, पोट्टे, वीस-बावीस बैलजोड्या. गावावर रिमझिम, नाल्यात मांडीएवढं शांत पाणी. मी पण तिथंच, घरच्या जोडीला घासत होतो.

७:५२ ला भोंगा.

अर्धा क्षण कोणीच हललं नाही, सगळ्यांनी आधी पाण्याकडं पाहिलं, पाणी होतं तसंच. मग काकाजी काठावरून ओरडले, "म्हसोबाले पाणी लागलं बे पोट्टेहो, बाहेर काढा ढोरं!" आणि एकदम धावपळ. एक जोडी अडून बसली, लाल बैल, नवाच आणलेला, भोंग्याच्या आवाजानं बिथरला अन् काठाऐवजी मधात निघाला. तिघांनी वेसण धरून, शेपटी पिरगाळून बाहेर काढला, त्यात पाच-सहा मिनिटं गेली. ८ वाजून ५ मिनिटांनी नाल्यात कोणी नव्हतं.

८:१३ ला आवाज बदलला, वरून घरघर. पाणी लाल, त्यावर पऱ्हाटीची झाडं, एक अख्खं बाभळीचं खोड. ८:१७ ला रपटा दिसेनासा झाला. जिथं बैल धूत होतो तिथं दोन पुरुष पाणी.

भोंगा वाजल्यापासून २५ मिनिटं.

संध्याकाळी तोरणाखाली सगळ्या जोड्या होत्या. लाल बैल पण, शिंगांना बेगड लावून.

रात्री लॉग काढला. ७:५१:२० ला पहिलं ६० च्या वरचं रीडिंग, ७:५१:४० ला तिसरं, ७:५१:४४ ला भोंगा. रेडिओनं चार सेकंद घेतले. बॅटऱ्या: वरचा ३.९७, रिले ४.०५, रपटा ३.९९.

८ सप्टेंबर

पलीकडच्या काठाला भोंगा नीट ऐकू गेला नाही. पोळ्याच्या दिवशी फाट्याकडून येणारा एक मोटरसायकलवाला पाटी पाहून थांबला, हिरव्याऐवजी लाल दिसला म्हणून, पण आवाज त्याला आलाच नव्हता, वारा उलटा होता. दुसरा भोंगा पलीकडे लागणार. ऐकायचा खर्च दिवसाला ३ एमएएच हे माहीत असल्यामुळं आता त्याची काळजी नाही, एक सेल अन् लहान पॅनल पुरतं, भोंग्याला बॅटरी वेगळी.

लाल बैलासाठी म्हणून पहिले पाच सेकंद आवाज हळू सुरू करून वाढवत न्यायचा, कोड भाचा करून राहिला.

खांब रविवारी गाडायचा, मुरूम लागेपर्यंत. माती ओली आहे तोवर खणून घ्यावं लागेल.